खुशालीचा निरोप

सरलाकाकू,

शनिवारी मराठी मंडळानं तुमच्यासाठी सभा घेतली. लायब्ररीच्या बेसमेंटमधली तीच खोली, जिथं आपण संक्रांतीचं हळदीकुंकू करतो. तुमच्या फोटोला कार्नेशनचा हार होता, कारण एप्रिलमध्ये इथं अमेरिकेत, शॉमबर्गला झेंडू कुठून आणायचा? अध्यक्षांनी तुमची माहिती वाचून दाखवली. जन्म, शिक्षण, कोल्हापूरच्या शाळेतली नोकरी, मुलगा, सून, नात. मध्येच एक वाक्य येऊन गेलं, "युद्धकाळात त्या लंडनहून रेडिओवर मराठीत बोलत असत." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "अय्या, खरंच?" मी उत्तर देईपर्यंत अध्यक्ष पुढच्या वाक्यावर पोचलेसुद्धा.

मग मला बोलायला उठवलं. मी काहीबाही बोलले. तुमची थालीपिठं, तुमचं वाचन, तुमचा प्रेमळ स्वभाव. प्रेमळ! तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, "शैला, माहिती नसेल तर गप्प बसावं." जे मनात होतं ते त्या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं, आणि ज्यांना सांगायचं त्या तुम्हीच तिथं नव्हता. म्हणून आता घरातली सगळी झोपेतून उठायच्या आत स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

आपली ओळख भांडणातूनच झाली, आठवतं? कॉलेजच्या रेडिओ स्टेशननं रविवारी सकाळचा अर्धा तास मराठीसाठी दिला होता. मंडळात सगळ्यांना फार आनंद झाला आणि वेळ मात्र कुणालाच नव्हता. ते काम माझ्या गळ्यात पडलं. आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या बघणारी बाई मी, रेडिओ म्हणजे काय ते मला कुठून ठाऊक? पहिल्या रविवारी मी जीव तोडून बोलले. घरी येऊन कोट काढतेय तोच फोन वाजला.

"मी डॉक्टर सुधीरची आई. तू रेडिओवर बोलत होतीस की मंडईत भाजी विकत होतीस?"

कोटाची एक बाही अजून अंगातच होती.

"समोर गर्दी आहे असं समजून ओरडत होतीस. रेडिओ ऐकणारा माणूस एकटा असतो. कुणी कांदा चिरत असतं, कुणी अंथरुणात पडलेलं असतं. त्याच्या कानाशी जाऊन ओरडशील का तू?"

मी चिडले. म्हटलं, "मग काकू, तुम्हीच या की पुढच्या वेळी."

"घ्यायला ये," तुम्ही लगेच म्हणालात. "बर्फात मी ड्राइव्ह करत नाही."

तुम्ही बर्फातच काय, उन्हातही ड्राइव्ह करत नव्हता, हे मला नंतर तुमच्या सुनेकडून, मीनाकडून कळलं.

पुढच्या रविवारी तुम्हाला घेऊन गेले. राखाडी कोट, खाली नऊवारी नव्हे तर साधी पाचवारी, पायात सुधीरच्या मुलीचे जुने स्नोबूट. स्टुडिओत शिरल्यावर तुम्ही आधी हातातल्या बांगड्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. माझ्या कागदांना स्टेपल होतं, ते नखानं उपटलंत. प्रत्येक कागदाचा कोपरा थोडा वर मोडून ठेवलात, म्हणजे उलटताना आवाज नको. "कोमट पाणी आहे का?" विचारलंत. हे सगळं इतक्या सवयीनं चाललं होतं की मी नुसती बघत राहिले. मग काचेपलीकडचा दिवा लागला आणि तुम्ही बोलायला लागलात.

तुमचा आवाज गोड नव्हता, काकू. हे मी तुमच्या तोंडावरही म्हटलं होतं. तो खालच्या पट्टीतला होता, सपाट, आणि त्यात जराही घाई नव्हती. आपल्याकडे वेळ आहे असं ऐकणाऱ्याला वाटायचं. कारमध्ये मी विचारलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत सहज सांगितलंत की चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी लंडनला केलेलं काम आहे, आणि परत गेल्यावर पुन्हा कधी माईकसमोर बसला नाही. मागच्या सीटवरून तुमची नात टीना ओरडली, "आजी, यू वर ऑन द रेडिओ? लाइक, इन द वॉर? फॉर रिअल?"

"फॉर रिअल," तुम्ही म्हणालात. "सीटबेल्ट लाव."

नंतर तुम्ही थोडं थोडं सांगत गेलात. पण लंडनमधला तो एक दिवस तुम्ही मला सबंध सांगितलात तो जानेवारीतल्या एका रविवारी. रात्रीपासून बर्फ पडत होतं. कॉलेजनं प्रोग्रॅम कॅन्सल केला, आणि ते मला कळलं तोवर मी घसरत घसरत तुमच्या दारात पोचले होते. सुधीर ड्यूटीवर, मीना आणि टीना वर झोपलेल्या. तुम्ही तवा ठेवलात. मी पुढच्या कार्यक्रमाचे कागद टेबलावर पसरले आणि म्हटलं, "काकू, लोकांचे हे निरोप आता बंद करू या ना. कुणाच्या सासूबाई सुखरूप पोचल्या, कुणाच्या आईला हवा मानवली. कोण ऐकतं?"

तुम्ही गॅस बारीक केलात. "निरोप कापायचे नाहीत," म्हणालात. माझ्यासमोर बसलात. पिठाचे हात तसेच होते.

लंडनला तेव्हा तुम्ही पंचविशीतल्या. सुधीरचे बाबा लंडनला सर्जरी शिकायला आलेले आणि युद्धामुळे तिथंच अडकलेले. दिवसदिवस ते हॉस्पिटलमध्ये असायचे. रेडिओवर हिंदुस्थानसाठी निरनिराळ्या भाषांमधून कार्यक्रम चालत, आणि मराठी स्वच्छ वाचणारी बाई हवी होती. तुम्ही गेलात आणि तुम्हाला घेतलं.

त्या दिवशी सकाळी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता बंद होता. रात्री बॉम्ब पडून कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान गेलं होतं आणि मालक फुटपाथवर बसून सापडतील ते जोड जुळवत होता. बस दुसऱ्याच रस्त्यानं गेली. स्टुडिओ एका मोठ्या दुकानाच्या तळघरात. वर पूर्वी कापड विकत, खाली तुम्ही बातम्या वाचत होता. चहाला साखर नव्हती. तुमच्या टेबलाला टेबल लावून पुण्याचे भाऊसाहेब बसायचे, संस्कृतचे पंडित. त्यांच्याशी तुमचं रोज शब्दांवरून वाजायचं. त्या दिवशी वाद होता 'ब्लॅकआउट'चा. ते म्हणत 'दीपनिरोध'. तुम्ही म्हणत होता 'दिवाबंदी'.

"आमच्या कोल्हापूरच्या धुणंवालीला तुमचा दीपनिरोध कळायचा नाही, भाऊसाहेब."

"मग तिनं शिकावं."

हे सांगताना तुम्ही हसत होता. मग थालीपीठ उलटलंत, माझ्या ताटात घातलंत आणि इब्राहिमबद्दल बोलायला लागलात.

आठवड्यातून एकदा तुमच्या कार्यक्रमात खलाशांचे निरोप असत. मालवाहू बोटींवर कोळसा टाकणारे, इंजिनं सांभाळणारे कोकणातले कितीतरी लोक तेव्हा समुद्रावर होते. ज्या बोटी बुडत त्यांतले वाचलेले लोक इंग्लंडच्या कुठल्या तरी बंदरात येऊन पडत. त्यांच्यापैकी एकदोघांना बोलावून घ्यायचं, घरच्यांना आधी कळवायचं, आणि मग त्या माणसानं माईकवरून आपल्या गावाशी बोलायचं. मजकूर आधी लिहून मंजूर करून घ्यावा लागे. स्टुडिओत एक साहेब हाताशी खटका घेऊन बसायचा. बोलणारा लिहिल्याबाहेर गेला की खटका दाबायचा, आवाज बंद. हा साहेब मुंबईत नोकरी केलेला, त्याला मराठी चांगलं येई.

इब्राहिम दापोलीच्या खालच्या खाडीकाठचा. चाळिशीतला, रुंद खांद्यांचा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच बोटीवर होते. बोट बुडाली, दोघंही वाचले, पण धाकट्याच्या छातीत पाणी गेलं होतं, तो बंदरातल्या हॉस्पिटलात होता. डॉक्टर म्हणाले होते, सुधारेल. तेव्हा इब्राहिमचा मजकूर मंजूर झाला: आई, आम्ही दोघं खुशाल आहोत. गावात फक्त खोताकडे रेडिओ होता. त्यांची आई त्या संध्याकाळी खोताच्या ओटीवर येऊन बसणार होती.

इब्राहिम सकाळीच आला. कुणाचा तरी कोट मागून घातलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. तुम्ही त्याची तालीम घेतलीत. तो "आई" म्हटलं की थांबायचा आणि हसायचा. "बाई, तिकडं खरंच ऐकू जाईल?" तीनतीनदा विचारायचा.

तो बाहेर चहा पीत बसला असताना तुमच्या विभागाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तुम्हाला आत बोलावलं. बंदरातून फोन आला होता. धाकटा पहाटे गेला.

"त्याला कुणीतरी त्याच्या भाषेत सांगायला हवं," तो म्हणाला. "केव्हा सांगायचं ते तुम्ही ठरवा."

बस, एवढंच. तुमच्या हातात अर्धा तास होता.

मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. मी बाहेर आले आणि त्याला म्हटलं, चला, वेळ झाली."

काकू, माझ्या हातातला घास तसाच राहिला होता. तुम्ही मात्र थांबला नाहीत. इब्राहिम माईकसमोर बसला. दिवा लागला. तुम्ही त्याचं नाव, गावाचं नाव सांगितलंत. आणि तो इतकं छान बोलला, म्हणालात, की असा निरोप पूर्वी कुणी दिला नव्हता. आई, आम्ही दोघं खुशाल आहोत. आम्हाला गरम कपडे दिलेत. तू काळजी करू नको. मजकूर इथं संपत होता. पण तो थांबला नाही. "आई, धाकट्यानं विचारलंय, शेळी व्याली का? बोकड झाला असंल तर विकू नको म्हणतो, मी येतोय."

खटक्यावर बोट ठेवलेला साहेब तुमच्याकडे बघायला लागला. त्याला शेळीचं हसू आलं होतं. त्याला बाकी काही माहीत नव्हतं. तुम्ही मान हलवलीत, राहू दे. त्यानं बोट काढून घेतलं.

नंतर तुम्ही इब्राहिमला कॅन्टीनच्या कोपऱ्यात नेलंत आणि सांगितलंत. त्यानं कप खाली ठेवला.

"कवा?"

"पहाटे."

तुम्हाला आधीच ठाऊक होतं, हे त्याला तिथंच कळलं. तो तुमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईनं ऐकलं असंल ना?"

"ऐकलं असेल."

तुमचं संध्याकाळचं वाचन बाकी होतं. भाऊसाहेब म्हणाले, तुम्ही जा, मी वाचतो. तुम्ही इब्राहिमला स्टेशनवर घेऊन गेलात. हिवाळ्यातली संध्याकाळ, लवकर अंधारलेलं, आणि सगळे दिवे झाकलेले. गाडी हलताना त्यानं खिडकीतून विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?" तुम्ही सांगितलंत. तो म्हणाला, "आईला सांगन."

त्यानं आईला काय सांगितलं, ते तुम्हाला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ऑफिसातल्या लोकांकडून कळलं की भाऊसाहेबांनी आदल्या संध्याकाळी तुमच्या कागदावरची 'दिवाबंदी' तशीच वाचली होती.

मी म्हटलं, "काकू, हे चूक होतं."

"काय चूक होतं?"

"त्याला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"आणि मग तो बोलला असता?"

"नसता बोलला."

"मग तिकडे ओटीवर बसलेल्या त्या बाईनं काय समजायचं? आपली दोन्ही मुलं गेली असं? तिची एक संध्याकाळ तरी चांगली गेली. कागदोपत्री बातमी पोचायला महिने लागायचे."

"पण त्याच्या तोंडून तुम्ही खोटं वदवलंत."

"मुळीच नाही. त्याला जे माहीत होतं ते तो बोलला. खोटं कुणी असेल तर ती मी. आणि मला त्याचं काही वाटत नाही."

तुम्ही असं म्हणालात आणि उठून दुसरं थालीपीठ लावलंत. मला तुमचा राग आला. तुमच्यापेक्षाही दादाचा आला.

दादाचं तुम्हाला ठाऊक होतं. माझी धाकटी पोटात असताना नागपूरला बाबा गेले, आणि दादानं ते मला कळवलं नाही. बाळंतपण झालं, मी हॉस्पिटलातून घरी आले, फोनवर विचारलं, "बाबा कसे आहेत?" तर म्हणाला, "ठीक आहेत, झोपलेत." महिन्यानं सांगितलं. तेव्हापासून आम्ही फोनवर बोलत होतो ते एवढंच, कसे आहात, बरे आहोत, मुलं मजेत, हवा कशी आहे. भांडण असं झालंच नाही. भांडायला समोर तर असायला हवं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुम्हाला म्हटलं, "तुम्ही आणि माझा दादा, एकाच माळेचे मणी."

"तुझ्या भावानं तुला एक महिना दिला," तुम्ही म्हणालात.

"मला नको होता तो महिना!"

"तुझी मुलगी दूध प्यायली ना त्या महिन्यात?"

मी कोट उचलला आणि निघाले. अंगणातलं बर्फ गुडघ्याएवढं, कार निघेना. पंधराएक मिनिटं चाकं फिरवून परत दारात आले तर तुम्ही दार उघडंच ठेवून उभ्या होता. "चहा टाकलाय," एवढंच म्हणालात.

मग तो वाद आपण सोडलाच नाही. वर्षभर काढत राहिलो. कधी कारमध्ये, कधी देवनागरी शिकवायच्या वर्गात मुलं रंगवत बसलेली असताना, कधी ग्रोसरीच्या रांगेत. तुम्ही म्हणायचात, "लांबच्या माणसाला सत्य सांगायचं म्हणजे जखम पाठवायची आणि पट्टी इथं ठेवायची." मी म्हणायचे, "आणि खोटं सांगायचं म्हणजे त्याला माणसांतूनच काढून टाकायचं." तुम्हाला ते वाक्य आवडलं होतं. "हे चांगलं म्हटलंस," म्हणालात, "पण चूक आहे." निरोप मात्र आपण कधी कापले नाहीत. कुठल्याशा आजींना ॲरिझोनातली हवा मानवली हे तुम्ही अशा आवाजात वाचायचात की मीच रेडिओच्या जवळ सरकून बसायचे.

गेल्या ऑक्टोबरात तुमचं पोट दुखायला लागलं. इथल्या पद्धतीप्रमाणे डॉक्टरनं तुम्हालाच समोर बसवून सगळं सांगितलं. मीना म्हणाली, तुम्ही त्याला "थँक यू" म्हणालात. सुधीर पार्किंग लॉटमध्ये रडला तेव्हा त्याला म्हणालात, "आधी गाडी चालव, मग रड."

आता अक्का. सांगलीला तुमच्या थोरल्या बहिणीला दिसत नव्हतं म्हणून तुम्ही दर महिन्याला तिला कॅसेट पाठवायचात. एका बाजूला तुम्ही बोलायचं, दुसऱ्या बाजूला तिनं बोलून परत पाठवायची. सुधीरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "शैलाताई, अक्कामावशीला यातलं काही कळायला नको. तिचं वय काय, यार. उगीच तिकडे काही झालं तर?" तुम्हीही म्हणालात, अर्थातच, कशाला सांगायचं?

डिसेंबरात एका दुपारी मी तुमच्या पलंगाशी टेपरेकॉर्डर घेऊन बसले. बांगड्या आता हातात राहत नव्हत्याच. तुम्ही उशीला टेकून बसलात, पाण्याचा घोट घेतलात. मी बटण दाबलं.

"अक्का, मी खुशाल आहे. इथं थंडी खूप आहे..."

तुम्ही पाचेक मिनिटं बोललात. टीनाचा पियानो, मीनाची नवी नोकरी. एकदाही आवाज हलला नाही. मग म्हणालात, "लाव बघू." आपण दोघींनी ऐकलं. ऐकताना तुमचे डोळे मिटलेले होते.

"किती छान वाचते गं मी," तुम्ही म्हणालात. जरा वेळानं म्हणालात, "पुसून टाक."

मी तुमच्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार, कारण तुम्ही लगेच बोट उगारलंत. "जिंकलीस असं समजू नकोस. तो दिवस वेगळा होता. त्या बाईनं मला काही विचारलं नव्हतं. अक्का विचारते. दर कॅसेटच्या शेवटी विचारते, तू खरं सांग, कशी आहेस?"

मी टेप मागं घेतली.

"अक्का, मला कॅन्सर झालाय. पोटात आहे. दुखतं, पण गोळ्या देतात. उन्हाळा बघेन असं वाटत नाही. सुधीरला फोन करून त्याला रडवू नकोस. बोलायचं असेल तर माझ्याशी बोल."

तेवढंच. मग तुम्ही हातानं बंद कर अशी खूण केलीत आणि भिंतीकडे वळलात. मी कॅसेट पाकिटात घातली. सुधीरला आपण दोघींनीही सांगितलं नाही.

जानेवारीच्या मध्यात फोन आला. मी तिथंच होते. अक्कांचा आवाज सांगलीहून शॉमबर्गच्या सबंध खोलीत ऐकू येत होता. तुम्ही रिसीव्हर कानापासून लांब धरला होता. "आत्ता सांगतेस? ऑक्टोबरपासून ठाऊक होतं आणि आत्ता सांगतेस? लहानपणापासून अशीच तू!" मग काय, सुरूच झालं. दर आठवड्याला. तुमच्या लग्नात तिची पैठणी तुम्ही नेसलात आणि डाग पाडलात, त्यावरून. आईच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं, त्यावरून. एकदा तुम्ही इतक्या हसलात की घरी येणारी नर्स धावत आली. एकदा तुम्ही त्यांना कुठली गोळी किती वाजता घेता ते सांगत होता, आणि सुधीर दारात उभा होता. त्या दिवशी त्याला समजलं, अक्कांना सगळं ठाऊक आहे. तो मला काही बोलला नाही. फक्त तुमच्या खोलीतल्या फोनची वायर लांब करून आणली, पलंगापर्यंत पोचावी म्हणून.

आणि मग तो मंगळवार. सकाळी तुम्ही गेलात. मी लॅबमधून निघून तुमच्याकडे आले तेव्हा सुधीर पायरीवर बसला होता. म्हणाला, "तू फोन कर ना. आधी फक्त सीरियस आहे म्हण. मग संध्याकाळी..." आणि त्याला पुढे बोलवेना.

तिकडे रात्रीची जेवणं चालली असतील. फोन अक्कांच्या नातवानं घेतला आणि त्यांच्याकडे दिला. मी सीरियस आहे म्हटलं नाही, काकू. मी सरळ सांगितलं.

लाइन खरखरत होती. मला वाटलं, फोन कट झाला.

"दुखलं का तिला?"

"शेवटी नाही."

"तू शैला ना? तिच्याशी वाद घालणारी?"

मी हो म्हटलं.

"तिनं मला सांगितलं ते बरं केलं," अक्का म्हणाल्या. "नाहीतर मला तिच्याशी भांडायला मिळालंच नसतं. मी नुसती रडले असते. आता निदान भांडून रडतेय." मग विचारलं, "तू सकाळपासून काही खाल्लंस का?"

मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग आधी खा," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी घरी आले, भात टाकला, आणि भात होईपर्यंत नागपूरला फोन लावला. दादाला झोपेतून उठवलं. तुमचं काही सांगितलं नाही. तो बिचारा "काय झालं, सगळे बरे आहेत ना" विचारत होता, आणि मी इतक्या वर्षांचं सगळं त्याच्यावर ओतलं. बाबा झोपलेत असं तू कसं म्हणालास, माझे बाबा होते ते, तू कोण ठरवणारा. तो आधी ऐकून घेत होता, मग तोही ओरडला. म्हणाला, "तुला काय माहीत मी ते कसं म्हणालो! बाबांची खाट रिकामी होती शेजारी, आणि तू म्हणालीस, त्यांना फोन दे." माझ्या मुली जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. भात खाली लागला. शेवटी दादा रडत होता आणि मीही, आणि मग त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं, बाबा कसे गेले ते. कोणत्या कुशीवर होते, काय मागत होते, त्यांनी माझं नाव घेतलं की नाही. घेतलं होतं.

हे तुम्हाला सांगायचं होतं. दुसरंही एक राहिलंय. सभेत बसले असताना मला एक मुद्दा सुचला, जो वर्षभरात एकदाही सुचला नव्हता. इब्राहिमला तुम्ही आधी सांगितलं असतंत, तर आईला काय ऐकवायचं ते त्यानं ठरवलं असतं. कदाचित तो गप्प बसला असता. कदाचित तेच शब्द बोलला असता, हसत हसत, आईसाठी. पण मग ते त्याचे असते, काकू. तुम्ही त्या बाईचा विचार केलात, चांगला केलात. त्याचा केला नाहीत.

यावर तुमच्याकडे उत्तर असणार. तुमच्याकडे नेहमीच असायचं. गॅस बारीक करून, माझ्याकडे न बघता, तुम्ही ते दिलं असतंत, आणि मी चिडून घरी गेले असते आणि रविवारी पुन्हा तुम्हाला घ्यायला आले असते. तुम्ही काय म्हणाला असता याचा मला अंदाज आहे. चांगला अंदाज आहे. पण अंदाजाशी भांडता येत नाही.

तुमची,
शैला